बसणारी गाडी

गादीवाल्यानं आयुष्यात एकच चारचाकी विकत घेतली, आणि ती सीटवर हात फिरवून घेतली. बॉनेट उघडलं नाही, गाडीखाली वाकून पाहिलं नाही, मिस्त्रीला दाखवली नाही. लोक निदान टायरला लाथ तरी मारून बघतात. त्यानं तेवढीही तसदी घेतली नाही. पुढच्या सीटच्या शिवणीवरून अंगठा ओढला, मागच्या सीटवर तळहात दाबला, नाक जवळ नेऊन चामड्याचा वास घेतला आणि म्हणाला, "घेतली."

बायकोनं घरी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सोयरीक जमवायला गेलात आणि मुलीचे कपडे बघून होकार देऊन आलात," ती म्हणाली.

"कपड्यांवरून माणूस कळतो."

"अहो, कपड्यांवरून शिंपी कळतो. माणूस नाही कळत."

ती आपली चेष्टेत बोलली आणि उठून कुकर लावायला गेली. तिनं किती नेमकं बोट ठेवलंय हे त्या घटकेला तिलाही माहीत नव्हतं, आणि ज्याच्यावर ठेवलं त्यालाही नाही.

गादीवाला हे तसं चुकीचंच नाव. झोपायच्या गाद्या तो शिवत नाही, मोटारींच्या सीट शिवतो. पण नाव एकदा चिकटलं की निघत नाही, आणि दिवसभर गोंदात हात घालणाऱ्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगायला नको. गॅरेजांच्या गल्लीत शेवटचं दुकान त्याचं. आत एक शिलाई यंत्र, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात छतापर्यंत रचलेला फोम, आणि कितीही दारं उघडा, न जाणारा गोंदाचा वास. तो वास त्याच्या केसांत बसला आहे. बायको म्हणते, लग्न झालं तेव्हा डोकं दुखायचं, आता तो घरात नसला की दुखतं.

त्याला हे काम शिकवलं ते उस्तादानं. उस्ताद बोलायचा कमी आणि टपली जास्त मारायचा, पण दोन गोष्टी त्यानं तोंडानं सांगितल्या होत्या. पहिली, काम असं कर की काम केलंय हे कळता कामा नये. कंपनीतून आल्यासारखं दिसलं पाहिजे. दुसरी, शेवटची गाठ लाल दोऱ्याची मार. आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी. कशाला, म्हणून गादीवाल्यानं विचारलं होतं. उस्ताद म्हणाला, झाकलेल्या कामाला एक तरी साक्षीदार असावा. टपलीशिवाय मिळालेलं हे एकच उत्तर, म्हणून ते लक्षात राहिलं. उस्ताद गेला, पण लाल गाठ राहिली.

इतकी वर्षं सीटवर काढल्यावर त्याला सीट वाचता यायला लागली होती. जाड माणसाच्या सीटची दाराकडची कड आधी मोडते, कारण तो उतरताना तिच्यावर सगळा भार टाकतो. मागच्या खिशात पाकीट ठेवणाऱ्याचा खड्डा एका बाजूला पडतो. नवराबायकोचं बरं नसेल, तर शेजारची सीट दाराच्या अंगाला झिजते. "माणूस खोटं बोलेल, सीट बोलणार नाही," हे त्याचं पेटंट वाक्य होतं आणि गल्लीत सगळ्यांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की चहावाला त्याच्या आधीच म्हणून टाकायचा.

या गाडीच्या सीटनं त्याला जे सांगितलं ते चांगलंच होतं. चालवणारी बाई असावी, लहान चणीची, स्टिअरिंगला चिकटून बसणारी. मागं एका बाजूला लेकरू. त्याच्या बुटांच्या टाचा पुढच्या सीटच्या पाठीला घासून घासून तिथं चामडं भुरकं झालं होतं. आईची गाडी. आई गाडी जपून चालवते. आणि शिवण तर बघत राहावी अशी, टाका टाक्याला सख्ख्या भावासारखा. कंपनीची शिलाई, हात न लागलेली. ज्या माणसानं सीट इतक्या जपल्या, त्यानं इंजिन काय उकिरड्यावर ठेवलं असेल?

आता सीट शिवून पोट भरणाऱ्याला डोंगर चढणारी, श्रीमंतांची, भली मोठी गाडी हवी कशाला, हे सांगायला अक्काकडे जावं लागतं.

अक्का त्याची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा ती स्वतःच अर्धवट वयाची होती. तिनं भावाला कडेवर घेतलं ते त्याचे पाय जमिनीला लागायला आले तरी खाली ठेवलं नाही. लोक हसायचे. लग्न झालं तेव्हा इतर मुली भांडीकुंडी घेऊन जातात, हिनं भाऊ नेला. नवरा डोंगरावरच्या तलावाचा राखणदार. मोठा मोकळा माणूस. म्हणाला, दोन खोल्या आहेत, एकात तो घोरेल. दाजींनीच पुढं त्याला खाली उस्तादाकडे पोचवलं. दाजी गेल्यावरही अक्का वरच राहिली. वरच्या वस्तीत दहाबारा घरं, तलावाची भिंत, वारा, आणि खाली उतरणारी एक वाट, जिला रस्ता म्हणणं म्हणजे निव्वळ लाड. पाण्यानं चर पाडलेले, घागरीएवढे दगड उघडे पडलेले.

गेल्या वर्षी अक्का उंबऱ्यात पडली. खुबा मोडला, आणि तिनं तो अंगावर काढला. महिना-दीड महिना कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं तेव्हा गादीवाला एका तरुण डॉक्टरीणबाईंना घेऊन चालत वर गेला. त्यांनी तपासलं, बाहेर येऊन घाम पुसला आणि म्हणाल्या, ऑपरेशन करायला हवं, खाली आणा. तो म्हणाला, आणतो. त्या म्हणाल्या, लवकर आणा. अजून उशीर केलात तर चालणं सोडा, बसणंही सुटेल.

वस्तीतली माणसं चांगली होती. खाटेला बांबू बांधून चौघं उचलायला तयार होती. अक्कानं नाही म्हटलं.

"चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच खाली जाणार आहे," ती म्हणाली. "तेव्हा मला कळणार नाही, म्हणून चालेल."

दाजींना आजारपणात तसंच नेलं होतं. खाट पहिल्या वळणाआड गेली, ते आडवे होते म्हणून त्यांना मागं वळून बघताही आलं नाही. अक्का फाटकात उभी होती. दाजी परत आले नाहीत.

"मग कशी येशील?" त्यानं विचारलं.

"बसून. माणसासारखी. समोर बघत."

वस्तीला किराणा आणणारी एक जीप होती. तिच्यात बसवायचा प्रयत्न केला. पायरी अक्काच्या मांडीच्या उंचीला. तिनं पाय उचलला आणि ओरडली. गादीवाल्यानं अक्काला ओरडताना जन्मात ऐकलं नव्हतं. तो घराच्या मागं जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा अक्का खुर्चीत बसली होती आणि त्यालाच समजावत होती, "तूच झिजवलीस रे ती कंबर. दांडगा घोडा होईस्तोवर कडेवर बसलास."

तो हसला. त्या रात्री झोपला नाही.

थोड्या दिवसांनी त्याच्या दुकानात एक मोठी गाडी आली, टाका उसवला होता म्हणून. गाडीवाल्याची म्हातारी आई सोबत होती. त्यानं एक बटण दाबलं आणि ती एवढी थोरली गाडी फुस्स करून श्वास सोडत खाली बसली, एखादी थकलेली म्हैस बसावी तशी. म्हातारी आरामात आत शिरली. दुसरं बटण दाबलं, गाडी उठून उभी राहिली. चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या असतात, गाडीवाल्यानं कौतुकानं सांगितलं, हव्या तेवढ्या फुगतात. दगडातून जायचं तर आणखी वर उठते.

गाडी निघून गेली तरी गादीवाला बराच वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिला. बसणारी आणि डोंगर चढणारी गाडी. अक्का तिच्यात बसू शकेल आणि ती अक्कापर्यंत पोचू शकेल. जगात असं काही असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नवीन घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण अशा गाड्या जुन्या झाल्या की पडत्या भावात जातात, कारण हत्ती स्वस्तात मिळतो, चारा महाग. दुकानामागची जागा त्यानं विकली. किती आली, किती गेली हे सांगण्यात अर्थ नाही. बायकोलाही अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

समोरच्या गॅरेजातला मिस्त्री त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं बजावलं होतं, "गाद्या, मला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. माझी कंबर धरलीय, दोन-चार दिवस थांब." पण जुन्या गाड्या विकणारा एजंट म्हणाला, "काका, तुमची मर्जी. संध्याकाळी दुसरी पार्टी बघायला येतेय." एजंट चोवीस-पंचवीसचा पोरगा, केस आणि बूट दोन्ही चकचकीत. दुसरी पार्टी खरी होती की नव्हती, देव जाणे. गादीवाल्याला डॉक्टरीणबाई आठवल्या, आणि त्यानं सीटवर हात फिरवला.

मिस्त्री आला तो कमरेला पट्टा बांधून, एका हातानं भिंत धरत. गाडीचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि तसाच थांबला.

"गाद्या, हिला वास येतोय."

"चामड्याचा आहे."

"नदीचा आहे."

"कंबर तुझी धरलीय, नाक पण गेलं का?"

मिस्त्री वाद घालत बसला नाही. त्यानं पुढची सीट सोडायला घेतली. बोल्ट गंजले होते. सीट बाहेर आली, खालचा गालिचा उचलला, आणि खाली वाळलेल्या तळ्यासारखा, भेगा पडलेला गाळाचा पातळ थर निघाला. वायरींचे सांधे हिरवे झाले होते.

"बुडालीय ही," मिस्त्री म्हणाला. "पार खिडकीपर्यंत."

"शक्यच नाही. सीट बघ की. पाणी प्यालेल्या सीटला डाग राहतो, शिवण काळी पडते. ही कंपनीची शिलाई आहे, मी काय आंधळा आहे?" एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याला सिद्ध करायचं होतं. त्यानं सीट उलटी केली, खालच्या कड्या काढल्या, कव्हर आतून बाहेर पालथं केलं.

शेवटच्या टाक्याला लाल गाठ होती.

मिस्त्री म्हणाला, "काय झालं?"

"माझी आहे."

"तुझीच आहे. पैसे मोजलेस ना."

"शिलाई, मिस्त्री. शिलाई माझी आहे."

काही वर्षांपूर्वी नदी खालच्या पेठांत शिरली होती. पाणी ओसरल्यावर महिनाभरानं एक माणूस टेंपो घेऊन आला. टेंपोत नुसते सीटचे सांगाडे. गाडी नाही, नंबर नाही. फोम चिखलानं दगड झालेला. म्हणाला, कंपनीसारखं दिसलं पाहिजे आणि लवकर पाहिजे. मागेल तेवढे देतो. चिखलानं भरलेल्या सीट कोण कशासाठी नव्या करतो, हे न कळण्याइतका गादीवाला भोळा नव्हता. पण आपण सीट शिवतो, गाडी विकत नाही, असा त्यानं मनाशी हिशेब केला, कुजका फोम उकिरड्यावर टाकला आणि जीव ओतून काम केलं. उस्ताद असता तर पाठ थोपटली असती, किंवा टपली मारली असती. काम असं झालं होतं की ते झालंय हे कळू नये. इतकं चांगलं, की शेवटी त्याचं त्यालाच कळलं नाही.

मिस्त्री सीटच्या रुळाखाली हात घालून चाचपत होता. तिथं अडकलेली एक वस्तू त्यानं काढून गादीवाल्याच्या हातात दिली. लहान मुलाचा चष्मा. बोटभर काचा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

एजंटकडे तो दुसऱ्या दिवशी गेला.

"गाडी बुडालेली आहे," तो म्हणाला.

"काका, मी जशी घेतली तशी दिली. मला काय माहीत?"

"आधीची मालकीण?"

"एक बाई होत्या. गावातल्याच. दोनदा भर रस्त्यात बंद पडली. एकदा तर पोर आजारी होतं, त्याला दवाखान्यात नेताना. वैतागून पडेल त्या भावाला देऊन गेल्या." एजंटानं खुर्ची मागं रेलली. "पण तुम्ही तर सीटमधले उस्ताद म्हणवता. तुम्हाला कसं कळलं नाही?"

गादीवाल्यानं बरंच काही ठरवून आणलं होतं. ते सगळं त्यानं परत नेलं. टेंपो घेऊन जो माणूस आला होता त्याला शोधायचं, तर त्याचा चेहराही आठवत नव्हता. आठवत होते ते फक्त सांगाडे.

"आपलेच दात, आपलेच ओठ," बायको म्हणाली. चेष्टा करायचा तिचा सूर नव्हता. मग जरा वेळानं म्हणाली, "वन्संनी बॅग भरून ठेवलीय. त्यांना काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. आणायला जायचं."

मिस्त्रीनं कंबर धरून, शिव्या देत, आठवडाभर गाडीवर काम केलं. हिरवे सांधे कापले, नव्या वायरी ओढल्या, हवेच्या पिशव्या फुगवणारा पंप उघडून साफ केला. पंपातूनही गाळ निघाला. शेवटी हात पुसत म्हणाला, "वर जाईल. एकदा बसेलही. बसल्यावर पुन्हा उठेल का, ते मी सांगू शकत नाही. न बसवता काम होतंय का बघ."

"बसली नाही तर अक्का कशी चढेल?"

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसला.

वर जाताना गाडीनं बोलायला जागा ठेवली नाही. दगडांवरून ती अशी गेली की बायकोच्या मांडीवरचा पाण्याचा तांब्या हिंदकळला नाही. शेवटच्या वळणावर गादीवाल्याच्या मनात येऊन गेलं, की कदाचित सगळं निभावेल. बुडालेल्या वस्तूही कधी कधी तरतात.

अक्का दारात खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स, पायाशी बॅग. त्यानं गाडी तिच्या अगदी जवळ नेली आणि बटण दाबलं. गाडी फुस्स करून बसली. अक्कानं बघितलं.

"ही माझ्यासाठी बसली?"

"तुझ्यासाठीच."

बायकोनं एका बाजूनं धरलं. अक्का उठली, पाठमोरी वळली, आणि सीटवर टेकली. बायकोनं हळूच तिचे पाय उचलून आत घेतले. अक्का ओरडली नाही. फक्त एकदा ओठ आत घेतले. मग सीटवर हात फिरवून म्हणाली, "मऊ आहे."

त्यानं दुसरं बटण दाबलं. समोर तांबडा दिवा लागला. पुन्हा दाबलं. गाडी बसली होती ती बसलीच. मिस्त्री उतरून बॉनेटमध्ये गेला, बराच वेळ तिथं राहिला आणि बाहेर आला तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. पंप गेला होता. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. खालची वाट घागरीएवढ्या दगडांची.

बायको आणि मिस्त्री वस्तीत माणसं बोलवायला गेले. गादीवाला स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. शेजारी अक्का. समोर तलावाची भिंत आणि त्यापलीकडे दरी.

"अक्का, या सीट मीच शिवल्यात," तो म्हणाला.

"माझ्यासाठी?"

"नाही. फार आधी." आणि त्यानं सगळं सांगितलं. टेंपो, चिखल, न विचारलेला प्रश्न, आजारी पोराला घेऊन रस्त्यात उभी राहिलेली बाई, रुळाखालचा चष्मा. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

अक्का पर्सच्या बंदाशी चाळा करत होती.

"म्हणजे त्या बाईनंही असाच हात फिरवला असेल सीटवर," ती म्हणाली.

"असेल."

"आणि भरवसा ठेवला असेल."

"तिला माझं काम कुठं ठाऊक होतं, अक्का?"

"तुला तरी कुठं ठाऊक होतं? तूही ठेवलासच ना."

वारा गाडीच्या काचेवर येऊन थांबत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "खाट आणू का? माणसं येतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उशीर करू नका. तुझ्या मनाविरुद्ध आहे, मला माहीत आहे."

ती हो म्हणेल असं त्याला वाटलं, आणि तिनं हो म्हणू नये असंही वाटलं.

"गाडीचं पोट किती वर आहे रे?"

"वीतभर."

"मग वीतभरापेक्षा मोठे दगड काढा की वाटेतले. चाकं तर फिरतायत ना?"

चाकं फिरत होती. इतक्या साध्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. सगळे पंपातच बुडाले होते.

वस्तीतली होती नव्हती ती माणसं पहारी, फावडी, घमेली घेऊन आली. पुढं ती, मागं गाडी. मोठा दगड आला की पहार घालून कडेला लोटायचा, चर आला की बारीक दगड टाकून भरायचा, मग हात करायचा. गाडी चार हात पुढं. पुन्हा थांबायचं. तरीही मध्येच खालून खर्रकन आवाज यायचा आणि मिस्त्री डोळे मिटून घ्यायचा, जणू त्याच्याच पाठीवर ओरखडा उठला.

"कुठंही जाणारी गाडी म्हणे," अक्का म्हणाली. "हिच्यापुढं झाडू मारत चालावं लागतंय. तुझे दाजी असते तर हसून हसून मेले असते."

पहिल्या वळणावर तिनं थांबवायला सांगितलं. खिडकीची काच खाली केली. एक म्हातारा तिथं पहार टेकून दम खात होता. दाजींची खाट उचलणाऱ्या चौघांतला तो एक.

"तुम्ही होतात ना त्या दिवशी?" अक्कानं विचारलं.

"होतो वहिनी."

"जड होते का फार?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाही. हलकेच होते."

"हो," अक्का म्हणाली. "शेवटी शेवटी जेवत नव्हते."

तिनं मान वळवून मागं पाहिलं. घर, फाटक, फाटकात कुणीच नव्हतं. पुरेसं पाहून झालं तेव्हा ती पुन्हा समोर बघायला लागली आणि म्हणाली, "चल."

खाली डांबरी लागली तेव्हा उन्हं उतरली होती. वस्तीतली माणसं तिथूनच परत फिरली. अक्कानं प्रत्येकाला खिडकीतून हात जोडले. दवाखान्याच्या दारात ती चाकाच्या खुर्चीत बसली, तीही स्वतःच्या पायांवर वळून. तिनं म्हटलं होतं तशी आली, बसून, समोर बघत.

ऑपरेशन झालं. आता ती चालायची लोखंडी चौकट धरून भावाच्या घरात फिरते, स्वयंपाकघरात जाऊन भावजयीच्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगते. वरची वाट मात्र तिला आता झेपणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. घराची किल्ली त्या पहारवाल्या म्हाताऱ्याकडे आहे. अक्का त्याबद्दल बोलत नाही. वारा सुटला की खिडकीशी जाऊन उभी राहते, एवढंच.

गाडी मिस्त्रीच्या गॅरेजामागं पोट जमिनीला टेकून बसली आहे. मधून मधून गिऱ्हाईक येतं. गादीवाला आधी सांगतो, ही बुडालेली आहे, आणि या सीट बघून फसू नका, त्या मी शिवल्यात. ऐकून गिऱ्हाईक निघून जातं. एजंट म्हणतो, काका, अशानं जन्मात विकली जाणार नाही. गादीवाला म्हणतो, मग नको.

पुढची एक सीट त्यानं काढून आणली, लोखंडी पाय जोडले आणि दुकानात यंत्राच्या शेजारी ठेवली. दुपारी अक्का तिच्यावर बसते. यंत्र चालतं, थांबतं.

यंत्राच्या वर फळी आहे, तिच्यावर तो चष्मा आहे. बाईचा पत्ता गाडीच्या कागदांवरच होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला, रिक्षानं जाता येईल एवढ्यावर. चष्मा तसाच कसा द्यायचा, म्हणून गादीवाल्यानं आधी काडी दुरुस्त करून आणली. मग काचा पुसल्या. मग उरलेल्या चामड्याचं छोटं घर शिवलं त्याच्यासाठी. लाल गाठ या वेळी त्यानं आत मारली नाही, बाहेर मारली, उघड्यावर.

"गेलास का रे?" अक्का विचारते.

"जाईन."

"पोराचा नंबर बदलला असेल एव्हाना."

"बदलला असेल."

"तरी जा."

"जाणार आहे, अक्का. त्या बाईंना काय म्हणायचं ते जुळवतोय."

अक्का मान हलवते आणि सीटच्या कडेवरून अंगठा ओढत बसते, अगदी त्याच्यासारखा. फळीवरच्या चामड्याच्या घरावर आता धूळ साठायला लागली आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की गादीवाला ती पुसतो, आणि चष्मा परत जागेवर ठेवून यंत्रात दोरा ओवायला घेतो.